चार बोटं आखूड बाही

त्या गल्लीत नवखा माणूस शिरला की त्याची चाल आपोआप मंदावायची. नळावर दात घासणारे आजोबा ज्युदोच्या डगल्यात. दूध घेऊन येणारी बाई ज्युदोच्या डगल्यात. गॅलरीत पेपर उघडून बसलेला गृहस्थ आणि त्याच्या मांडीवर पेंगणारी नात, दोघंही पांढऱ्याफेक डगल्यात. एकदा मिक्सर विकणारा एक फिरता विक्रेता आला होता. पहिल्या दारात त्याला एक डगला दिसला, दुसऱ्या दारात दोन दिसले, तिसऱ्या दारी त्याने बेलही वाजवली नाही. आल्या पावली परत.

वास्तविक अख्ख्या गल्लीत कुणाला धड एक चापट मारता येत नव्हती. कोपऱ्यावर ज्युदो-कराटेचे पोशाख शिवायचा कारखाना होता, एवढीच काय ती त्यांची युद्धकला. तिथे जो नग तपासणीत नापास होई, तो शनिवारी कामगारांना फुकट मिळे. जाड दाणेदार विणीचं सुती कापड, ढगळ बाह्या, ना बटणांची कटकट ना इस्त्रीची. पाच-सहा धुण्यांनंतर तो डगला असा मऊ पडायचा की बाकीचे कपडे अंगाला टोचायला लागायचे. पट्टा तेवढा मिळत नसे. मग कुणी ओढणी गुंडाळायचं, कुणी पायजम्याची नाडी बांधायचं. कारखान्यातला कारकून तर नेकटाय बांधायचा, आणि आपण काही विनोदी दिसतो हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

नग नापास करायच्या भिंगकाकू. गळ्यात दोरीला भिंग, नाकावर चष्मा, आणि त्या दोहोंच्या वर भिवई. अठरा वर्षं तपासणीचं टेबल त्यांच्याकडे होतं. नग आला की टेबलावर पसरायचा, मापं लावायची, शिवणीवरून भिंग फिरवायचं. दोष सापडला की आतल्या दुमडीला कात्रीने एक त्रिकोणी खाच मारायची. नगाला शिवणारीच्या मशीनच्या नंबराची चिठ्ठी टाचलेली असे, ती काढून पत्र्याच्या डब्यात टाकायची. डब्याला कुलूप आणि किल्ली काकूंच्या कमरेला. चारचौघांत कुणाची शोभा होऊ नये म्हणून थोरल्या मालकांनी घालून दिलेली ही पद्धत. त्यामुळे चूक कुणाची, हे काकूंना ठाऊक आणि डब्याला ठाऊक.

"माणूस थापा मारतो, टाका मारत नाही," असं काकू म्हणायच्या. दिवसातून तीनदा तरी म्हणायच्या. ऐकून ऐकून मशीनवरच्या बायकांचे कान किटले होते, पण उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती. कारण काकूंची खाच अठरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

त्या शनिवारी दुपारी धाकट्या मालकांनी त्यांना वर बोलावलं.

"बाई, दोन महिन्यांत नापास नग तिपटीने वाढलेत. सगळी गल्ली माझ्या कापडात मिरवतेय आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने बोटं मोडतंय, माल वेळेवर येत नाही म्हणून."

"खाच मी मारते, मालक. शिवत मी नाही."

"तेच म्हणतोय मी. कोण शिवतं ते तुमच्या डब्याला माहीत. सोमवारी सकाळी डबा माझ्या टेबलावर पाहिजे. ज्या नंबराच्या चिठ्ठ्या जास्त, ती बाई घरी. एकीला काढलं की बाकीच्या सुतासारख्या सरळ येतील."

काकूंनी मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. चूक ती चूक.

खाली येऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि डबा टेबलावर उपडा केला. पहिली चिठ्ठी चौदा. दुसरी चौदा. मग एक सहा, मग पुन्हा चौदा, चौदा, चौदा. काकू मटकन स्टुलावर बसल्या. रोज एकेक चिठ्ठी डब्यात टाकताना त्यांचं लक्ष नंबराकडे जातच नसे, दोष सापडला की त्यांचा जीव भांड्यात पडे आणि पुढचा नग ओढला जाई. ढीग समोर आला तेव्हा कळलं. आणि चौदा नंबर म्हणजे कोण? कारखान्यातला सगळ्यात सरळ हात! नऊ वर्षांत एखाद-दुसरा नग सोडला तर त्या बाईच्या शिवणीत भिंगालाही बोट ठेवायला जागा सापडली नव्हती. घरात म्हातारा बाप, नवरा दूरदेशी बोटीवर असलेली गरोदर बहीण, आणि तिघांची चूल हिच्या एकटीच्या पगारावर. ही घरी बसली तर ती चूल विझणार, हे सांगायला भिंग नको होतं.

काकू रात्रभर त्याच विचारात होत्या. बाईचे डोळे अधू झाले असणार, दुसरं काय? डोळे असतील तर चष्मा लावता येतो. डॉक्टरांचा कागद आणला तर मालकांकडे महिनाभराची सवलत मागता येईल. कडक असल्या तरी काकू दुष्ट नव्हत्या. रविवारी सकाळी त्या घरातल्याच डगल्यावर निघाल्या. सुट्टीच्या दिवशी त्यांनी दुसरं काही अंगात घातल्याचं कुणाला आठवत नाही.

चौदा नंबर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर राहायची. काकू जिन्याशी पोचल्या आणि तिथेच थबकल्या. वरच्या गॅलरीत एक म्हातारा दोरीवर पंचा वाळत घालत होता. अंगात डगला. काकूंनी तो लांबूनच ओळखला, आपण खाच मारलेला नग त्या मेल्यावरही ओळखतील. दोन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारचा नग. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं आखूड. 'झोपेत शिवतेस का गं?' असं त्या तेव्हा नगाकडे बघत मोठ्याने म्हणाल्याही होत्या.

म्हाताऱ्याने चिमटा लावायला दोन्ही हात वर केले, मग खाली घेतले. उजवी बाही मनगटावर आली. डावी बाहीसुद्धा बरोब्बर मनगटावर आली.

काकूंनी डोळे चोळले. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं. म्हाताऱ्याचा डावा हातच आखूड होता. कधीतरी मोडून वेडावाकडा सांधलेला असावा. आणि ती बाही त्याच्यावर अशी बसली होती की आखूडपणा दिसतच नव्हता. जिन्याचा कठडा धरून काकू तशाच उभ्या राहिल्या.

"काकू? तुम्ही?" चौदा नंबर दारात आली होती.

"तो डगला," काकू म्हणाल्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. "त्यांच्या अंगावरचा. डावी बाही चार बोटं आखूड आहे त्याची."

"आखूड नाही, काकू. बाबांचा हात तेवढाच आहे."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"आत तरी या. जिन्यात सगळ्यांना ऐकू जातं."

आत बहीण गव्हातले खडे वेचत बसली होती. आठवा महिना असावा. तिच्या अंगात डगला होता आणि तो पोटावरून कुठेही न ताणता अलगद गेला होता. 'बाजूची शिवण दोन बोटं बाहेर, नापास!' काकूंच्या डोक्यात आपलाच आवाज घुमला. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. सायकलवाला चाकात हवा भरत होता. पाठीला कुबड. 'पाठीत फुगा आलाय, नापास!' तो फुगा कुबडावर जाऊन बसला होता आणि डगला खाली सरळ पडला होता. दोन महिन्यांत टेबलावर जेवढे वाकडे, तिरपे, फुगलेले नग त्यांनी पाहिले, ते सगळे आता त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि प्रत्येकात आता एक माणूस होता.

"पाणी देऊ?" बहिणीने विचारलं.

"नको!" काकू कडाडल्या. धक्का ओसरला की त्यांना राग येत असे, आणि तो आता आला. "चोरी आहे ही! चांगल्या कापडाचा चांगला नग बिघडवायचा, माझ्याकडून खाच मारून घ्यायची, आणि शनिवारी फुकट घरी न्यायचा! माझी कात्री वापरलीस तू चोरीला!"

"हो," चौदा नंबर म्हणाली.

काकूंनी आ वासला. नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल, सगळ्याची त्यांनी तयारी ठेवली होती. 'हो'ची नव्हती.

"चोरीच आहे," ती पुढे म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी पहिला खरंच चुकला होता, काकू. बाही आखूड झाली, तुम्ही खाच मारलीत, शनिवारी कुणी उचलेना म्हणून मी आणला. बाबांनी घातला. साठ वर्षं हा माणूस डावा हात पाठीमागे धरून चालायचा. लग्नाच्या फोटोतही हात पाठीमागे. तो डगला घातला आणि भाजी आणायला गेला, काकू, दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन. मग मला राहवेना. तो फाटायला आला तसा दुसरा केला. मग ताईचा. मग खालच्या दादांनी विचारलं. मला नाही म्हणता आलं नाही."

म्हातारा दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने हळूच डावा हात पाठीमागे नेला. ते पाहून काकूंना जे वाटलं ते त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि लाज का वाटावी, चोरी तर हिने केली, हे कळेना म्हणून त्या आणखीच चिडल्या.

"उद्या मालकांना डबा द्यायचाय मला. सगळ्या चिठ्ठ्या तुझ्या आहेत. तुला काढणार आहेत. कळतंय का?"

आता मात्र चौदा नंबरचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बहिणीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"तुमचं काम आहे ते," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही खोटं बोला असं मी सांगणार नाही. फक्त एक, काकू. तुमचा डगला मोजू नका त्यात. तो तीन वर्षांपूर्वीचा आहे, तेव्हा हे काही नव्हतं."

"माझा?"

"उजवा खांदा दोन बोटं खाली. तुम्हीच खाच मारली होतीत."

काकूंनी खांद्यावर हात नेला. शिवण जिथे असायला हवी तिथेच लागली.

"तुमचा उजवा खांदा उतरलाय, काकू. टेबलावर त्या बाजूने वाकून वाकून. रेडिमेड काही घातलंत की एका बाजूने गळायचं आणि तुम्ही सारखं वर ओढायचात. शनिवारी तुम्ही सगळ्यांच्या शेवटी येता आणि उरलेला नग उचलता. खांदा उतरलेला दुसरं कोण घेणार? तो एकच नग मी तेव्हा जाणूनबुजून केला होता."

काकू मागे वळल्या, चपला घातल्या, आणि जिना उतरून गेल्या. चपला उलट्या पायांत होत्या हे त्यांना कोपऱ्यावर गेल्यावर समजलं.

घरी नवरा डगल्यात बसून बुटांना पॉलिश करत होता. बस चालवून निवृत्त झालेला, कशाचीच घाई नसलेला माणूस.

"अहो, माझा उजवा खांदा खाली आहे?"

"आहे की," तो म्हणाला. "दहाएक वर्षं झाली असतील."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय, वर करणार होतीस?" तो बूट उलटा करून बघत म्हणाला. मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. "अगं, काय झालं? भूत पाहिल्यासारखी काय बघतेस?"

काकू आरशासमोर उभ्या राहिल्या. अठरा वर्षं त्यांनी हजारो खांदे मोजले होते आणि स्वतःचा एकदाही नाही. आणि खाली मशीनवर बसून एक बाई मान वर करून त्यांना बघत होती, नुसत्या डोळ्यांनी माप घेत होती. एवढं कुणी आपल्याकडे बघतं, हाच त्यांना केवढा तरी धक्का होता. दुपारचं जेवण त्यांनी तसंच ताटात ठेवलं.

सोमवारी सकाळी त्या मालकांसमोर उभ्या राहिल्या. हातात डबा नव्हता.

"डबा?"

"खाली आहे. कुलूप लावून."

"आणा मग."

"देणार नाही, मालक."

मालकांचा चहाचा कप तोंडाशी थांबला. टेबलाने स्वतः उठून उत्तर दिलं असतं तर ते एवढे दचकले नसते. "बाई, बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं आहे. चिठ्ठ्या आहेत, एकाच नंबराच्या जास्त आहेत, आणि नंबर मी सांगणार नाही. चिठ्ठ्या हरवल्या म्हणून सांगता आलं असतं मला. पण ती सवय नाही. पुढच्या शनिवारपासून नापास नग पूर्वीएवढे होतील. ते माझ्याकडे लागलं."

"आणि ज्या बाईने नुकसान केलं ती?"

"मी दोन महिने समोरचा दोष पाहिला आणि तो काय आहे ते मला कळलं नाही. तपासायला तुम्ही मला बसवलं होतं, तिला नाही."

मालक उठले. येरझाऱ्या घातल्या. ओरडले. थोरल्या मालकांचं नाव काढलं. काकू खांबासारख्या उभ्या. शेवटी मालक म्हणाले, "डबा नाही तर टेबलही नाही. अठरा वर्षांकडे बघून घरी पाठवत नाही, एवढंच. पंधरा नंबरचं मशीन रिकामं आहे. तिथे बसा. माझी सून तपासेल आजपासून. भिंग ठेवा इथे."

हे काकूंना अपेक्षित नव्हतं. ओरडतील, आठवडाभर बोलणार नाहीत, इथवरच त्यांची धाव गेली होती. टेबल जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. गळ्यातली दोरी काढताना ती केसांत अडकली. मालक दुसरीकडे बघत राहिले.

त्या जिना उतरून आल्या तेव्हा सगळी मशीनं एकेक करून थांबली. भिंगाशिवाय काकू कुणी पाहिल्या नव्हत्या. चौदा नंबर उभी राहिली. तिला वाटलं, आता आपलं नाव.

"बस खाली," काकू म्हणाल्या, तिच्या शेजारच्या मशीनवर जाऊन बसल्या आणि आवाज तिच्यापुरता खाली आणला. "आणि नीट ऐक. यापुढे चांगला नग बिघडवलास तर माझ्यासारखी वाईट नाही. शनिवारी खाच पडलेले नग आपलेच असतात. ते उसव, काप, कुणाच्या मापाचे करायचे त्याच्या मापाचे कर. सुट्टी झाल्यावर. दोरा घरचा."

"काकू, तुम्ही इथे... माझ्यामुळे..."

"शिव मुकाट्याने. लोक बघताहेत."

चौदा नंबरने डोळे बाहीला पुसले आणि मशीन चालू केलं. मग बाकीचीही सुरू झाली.

काकूंनी तो आठवडा कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. दुसऱ्याच्या टाक्यात बोट घालणं वेगळं आणि स्वतः टाका घालणं वेगळं. सुई मोडली, दोरा गुंतला, जाड गळपट्टीखाली पाय पॅडलवरून सटकला. गुरुवारी संध्याकाळी त्यांचा पहिला नग पुरा झाला. शुक्रवारी सकाळी मालकांच्या सूनबाई तो दोन बोटांत धरून घेऊन आल्या आणि अवघडून उभ्या राहिल्या.

"काकू, रागावू नका हं. गळपट्टी तिरकी आलीय. मला खाच मारावी लागली."

अख्खा हॉल श्वास रोखून बघत होता. काकूंनी दुमड उलटून खाच पाहिली, गळपट्टी पाहिली. त्यांचे कान गरम झाले.

"बरोबर मारलीय," त्या म्हणाल्या. "थोडी खोल मारत जा, धुण्यात दिसेनाशी होते."

शनिवारी सगळ्यांनी आपापले नग उचलले. काकूंचा तसाच राहिला. हॉल रिकामा झाला तरी काकू तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चौदा नंबर पिशवी भरता भरता थांबली.

"कुणाला द्यायचा काकू हा? कुणाच्या मापाचा करायचा?"

काकूंनी आठवून पाहिलं. कारखान्यातली एकेक बाई, गल्लीतला एकेक माणूस. अठरा वर्षं रोज दिसणारी माणसं. त्यांना त्यांचे डगले आठवत होते, प्रत्येकाची खाच आठवत होती. कुणाची मान आखूड, कुणाचा हात लांब, कोण वाकून चालतं, काही म्हणता काही आठवेना.

"मला कुणाचंच माप माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. आणि मशीनवर डोकं टेकून अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या कारखान्यात रडल्या.

चौदा नंबरने त्यांना रडू दिलं. मग तिने पिशवी खाली ठेवली, गळ्यातली ओढणी काढली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मग माझं घ्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी कुणी शिवलेलं नाही अजून."

काकूंनी डोळे पुसले, खणातून टेप काढला आणि मानेपासून सुरुवात केली.